बोंबलाच्या वासाच्या तबकड्या

फिलू, तू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी मटकीला मोड आलेत का ते बघत होते. फोन तुझ्या विल्सनचा होता. "मावशी, मम्मी गेली," एवढंच तो म्हणाला आणि मी "बरं" म्हटलं. माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? पण आमचे हे समोरच पेपर वाचत बसले होते, आणि एकोणीस वर्षांची सवय एका फोनने थोडीच सुटते. "कोण गं?" ह्यांनी विचारलं. "भाजीवालीचा मुलगा," मी म्हटलं, "ती गेली म्हणे." हे हळहळले. खरंच हळहळले, माणूस काही वाईट नाही. मग पेपरची घडी घालून म्हणाले, "मग आता बुधवारची भाजी कुठून आणणार तू?"

मी बाथरूममध्ये गेले, बादलीत नळ सोडला आणि रडले. बादली भरून वाहायला लागली तेव्हा तोंड धुऊन बाहेर आले आणि मटकीला फोडणी घातली. आज त्याला बावीस दिवस झाले. या बावीस दिवसांत मी काय काय केलं ते तुला सांगायचंय. शेवटच्या भेटीत तू मला भित्री म्हणालीस आणि मी तुझा चहा तसाच टाकून उठले होते. त्या भांडणातलं माझं बोलणं अजून राहिलंय.

तू भाजीवाली नव्हतीस, हे तुला ठाऊक, मला ठाऊक आणि मुसाभाईंना ठाऊक. वसई गावात बाजाराच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं जुन्या सामानाचं दुकान आठव. गावातली कौलारू घरं पाडून इमारती उभ्या राहायला लागल्या, तसं त्या घरांच्या माळ्यांवरचं सगळं त्यांच्या दारात येऊन पडायला लागलं. शिवणयंत्रं, पितळी दिवे, एक पाय नसलेल्या खुर्च्या आणि रेकॉर्डी. ज्यांच्या घरातलं कुणी बोटीवर नोकरीला होतं त्यांच्याकडून तर खोकीच्या खोकी यायची. मुसाभाई त्या रेकॉर्डी आंब्याच्या पेट्यांमध्ये उभ्या लावायचे. मी त्या दिवशी गेले होते सोऱ्याची चकलीची ताटली शोधायला. दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि आमची ताटली घर बदलताना हरवली होती. ताटली मिळाली नाही. पेटीत एका जुन्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डवर हात पडला, आणि बघते तर दुसऱ्या कडेला तुझा हात.

"ए बाय, पयला हात माजा."

"नाव लिहिलंय का तुमचं त्याच्यावर?" मी म्हटलं. दादरच्या चाळीत वाढले होते, एवढ्यावर सोडणार थोडीच.

मुसाभाई गादीवरून उठलेसुद्धा नाहीत. "भाभी, दोघी ओढू नका. फुटली तर तुमची पण नाही आणि माझी पण नाही." तेव्हा तू मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलंस आणि विचारलंस, "वाजवशील कशावर? डोक्यावर?" वाजवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, मला ती नुसती हवी होती. तू हसलीस. बाहेर उंबऱ्यापाशी तुझी रिकामी टोपली ओल्या गोणपाटाखाली होती आणि हातांना लिंबाचा वास येत होता. रेकॉर्डींना हात लावायच्या आधी तू बाजारातच लिंबाने हात धुऊन यायचीस, हे मला पुढे कळलं. "माज्याकडं मशीन हाय," तू म्हणालीस. "चल."

अनोळखी कोळणीबरोबर रिक्षात बसून पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जाणारी मी त्या दिवशी वेगळीच कुणी होते. मला स्वतःलाच ती नवी होती. तुझ्या नवऱ्याने, जोसेफने, बोटीवरून आणलेलं ते मशीन तू पांढऱ्या विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलं होतंस. तो जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मशीनवर सुई ठेवताना तू श्वास रोखायचीस, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घरी परतताना मी रिकाम्या हाताने कशी जाणार म्हणून तू बाजारात तुझ्या शेजारी बसणाऱ्या बायांकडून वांगी, अळू आणि एक केळ्यांची फणी माझ्या पिशवीत भरलीस. तिथूनच तुझी माझ्या घरात भाजीवाली झाली.

का लपवलं, हे तू मला शंभरदा विचारलंस आणि मी शंभरदा निराळी उत्तरं दिली. कधी म्हटलं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तुझं नाव कसं सांगू. कधी म्हटलं, या वयात हे चाळे शोभत नाहीत. खरं कारण तुला माहीत होतं. आम्ही दादर सोडून इथे वसई पूर्वेला, एव्हरशाईनला वन रूम किचनमध्ये आलो तेव्हा ह्यांचे दिवाळी अंक आणि मासिकं चार पोती होती. कॉलेजपासून जमवलेली. मी म्हटलं, एक तर ही पोती राहतील नाही तर माणसं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी स्वतः रद्दीवाल्याला बोलावून आणलं आणि तो वजन करत होता तेव्हा गच्चीत जाऊन उभे राहिले. आणि मी, घरात एक जास्तीची चिंधी येऊ देणार नाही म्हणणारी, दोन वर्षांत मुसाभाईंच्या पेट्यांमध्ये मान घालून उभी. कोणत्या तोंडाने सांगणार होते?

म्हणून माझ्या रेकॉर्डी तुझ्या घरी. एका फेरीत एकीने एकच घ्यायची आणि जिचा हात आधी लागेल तिची, हे नियम आपले. एकीच्या आवडीचं काही दुसरीने आधी उचललं की जी वाटेल ती लाडीगोडी चालायची, पण ओढाओढी नाही. किती दुपारी आपण त्या पेट्या चाळल्या फिलू. बोटांच्या टोकांनी एकेक कव्हर पुढे ढकलायचं, मधेच थांबायचं, रेकॉर्ड बाहेर काढून तिरकी करून दारातल्या उजेडात धरायची आणि ओरखडे बघायचे. घ्यायचं काहीच नसलं तरी तास कसा जायचा कळायचं नाही. कव्हरांवर लोकांनी शाईने काय काय लिहिलेलं असायचं. लग्नाची भेट, वाढदिवसाची भेट, एकावर तर नुसतं 'रागावू नकोस'. ते वाचून तू मुसाभाईंना विचारलं होतंस की ही कुणाच्या घरची, आणि ते म्हणाले होते की घरच राहिलं नाही, आता काय सांगू. मला कधी कधी वाटायचं, लोकांची मोडलेली घरं आपण उपसतोय. मी तसं बोललेही एकदा. तू म्हणालीस, "त्यांनी ऐकलं. आता आपन ऐकू. नायतर वाळवी ऐकंल." आणि पुढची पेटी ओढलीस.

ते बोंबलांचं प्रकरण मात्र माझ्यामुळे झालं, हे आज कबूल करते. इतकी वर्षं मी ते तुझ्यावर ढकलत आले. नियम मोडून आपण धुळीने माखलेल्या चार रेकॉर्डी एकदम घेतल्या होत्या, आणि मीच म्हटलं की रिठ्याच्या पाण्याने धुऊ. धुतल्या. वाळवायच्या कुठे? अंगणात तुझे बोंबील काठ्यांवर लोंबत होते, मध्ये रिकामी जागा होती. तू म्हणालीस, सावलीत ठेवू. मी म्हटलं, काही होत नाही, पाच मिनिटं. आणि आत येऊन गाणी ऐकत बसलो. तासाभराने बाहेर आलो तर चारही रेकॉर्डी उन्हाने वाकून द्रोणासारख्या झालेल्या, आणि एकीवर मांजर बसलेलं. त्यातली एक मी सहा महिने शोधत होते. मला रडू फुटलं आणि तू खो खो हसत सुटलीस, इतकी की शेजारच्या बाया धावत आल्या. एका द्रोणात तू पुढे लसूण ठेवायला लागलीस. मी आठ दिवस अबोला धरला. वर्षभराने तीच रेकॉर्ड, धड असलेली, तू माझ्या मांडीवर आणून टाकलीस. मुसाभाईंना तू दर बाजारच्या दिवशी पापलेट नेऊन देत होतीस, त्यांनी ती कुठून तरी मिळवावी म्हणून. हे मला तू सांगितलं नाहीस, त्यांनी सांगितलं. मी तुला थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. उलट म्हटलं, हिच्या कव्हरला वास येतोय.

वास सगळ्यांनाच यायचा. तुझ्या घरात जे येई त्याला सुक्या बोंबलाचा वास लागे, आणि म्हणूनच माझी एकही रेकॉर्ड मी कधी घरी आणली नाही.

गेल्या महिन्यातल्या त्या बुधवारी तू खाटेवर पडून होतीस. पाय सुजलेले. मी सुई ठेवली तर तू म्हणालीस, बंद कर, बोलायचंय. "उद्या मी मेली तर तू कुठं ऐकशील गं?"

"काहीतरी बोलू नकोस."

"घर पाडायचं ठरलंय. विल्सन बिल्डरशी बोललाय. मशीन आनि खोकी कुठं नेशील? सांग की तुज्या नवऱ्याला. पोलीस हाय का तो?"

मी म्हटलं, तुला आमच्या घरातलं काय कळतंय. आत्ता हे लिहिताना कान गरम होतात, पण म्हटलं खरं. तू उठून बसलीस. एवढी सूज असताना उठून बसलीस. "तुज्या घरात मला भाजी इकायला बशिवलंस तवा इचारलंस का मला? मी कोळीन हाय शालू. माजी आय मच्छी इकायची, मी मच्छी इकते. भाजीवाली नाय मी." मग जरा वेळाने, आवाज खाली आणून, "तू नवऱ्याला भीत नाय. त्याची पुस्तकं टाकलीस, त्याची लाज वाटते तुला. मग लाज वाटते असं सांग त्याला. भित्री कुठली."

चहा तसाच ठेवून मी निघाले. पुढच्या बुधवारी मुद्दाम आले नाही. घरी पालक होता तरी खालच्या दुकानातून पालक आणला आणि ह्यांना सांगितलं की आज वसई गावात जायला ऊन फार. शनिवारी विल्सनचा फोन आला. तुझ्या मनात मी काय म्हणून राहिले, हे मला आता कधीच कळणार नाही. त्याचं दुःख तू गेल्याच्या दुःखाहून वेगळं आहे, आणि ते मला दिवसातून एकदा तरी गाठतंच.

तुझ्या अंत्यविधीला मी आले होते. घरी सांगितलं, भाजीवालीकडे जाऊन येते, बरं दिसत नाही. चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर बसले. सगळे उभे राहिले की उभी राहायचे, सगळे बसले की बसायचे, दोनदा चुकले. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमी कोन फिलूबायच्या?" आणि मी म्हटलं, "ओळखीची."

फिलू, त्या एका शब्दाने माझी झोप घालवली. तिथे कुठे आमचे हे होते? तिथे कोण ओळखत होतं मला? तिथे तर खरं बोलायला फुकटची मोकळीक होती, तरी तोंडातून तेच आलं. खोटं एवढं अंगवळणी पडलं होतं की तुझी शवपेटी समोर असतानासुद्धा मी तुला परकं केलं. पुढे जाऊन तुझ्यावर फूल ठेवलं तेव्हा तुझी सून जवळ आली आणि तिने मला धरलं. "मावशी, पुढं का नाय बसलात?" तिच्याकडे बघवेना. परतताना रिक्षात मी ठरवलं की हे शेवटचं. मरेपर्यंत तुझ्याबद्दल आता एक खोटा शब्द बोलणार नाही.

ठरवणं सोपं होतं. तोंड उघडायला आणखी अठरा दिवस लागले, तेवढी भित्री मी आहेच.

परवा विल्सनचा फोन आला. रविवारपर्यंत घर रिकामं करायचंय. मुसाभाई सगळ्या रेकॉर्डी एकदम उचलायला तयार आहेत, पण मम्मी बोलली होती शालू मावशीला विचारल्याशिवाय एक पण द्यायची नाही. "मावशी, काय करू?" मी म्हटलं, "एकही कुणाला देऊ नकोस. मशीन आणि सगळी खोकी माझ्या घरी आण." पत्ता सांगितला. एकोणीस वर्षांत माझा पत्तासुद्धा तुम्हाला ठाऊक नव्हता.

मग काल मी स्टूल घेतलं आणि माझं कपाट उपसलं. लग्नातले शालू, बारशाच्या साड्या, स्टीलची न वापरलेली भांडी, आहेरात आलेल्या चादरी. दिवसभरात सगळं बाहेर. साड्या कामवालीला, तिच्या बहिणीला आणि खालच्या दोघीतिघींना वाटून टाकल्या. ह्यांच्या एका वस्तूला हात लावला नाही. संध्याकाळी हे गवार मोडत बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, तुम्हाला एक सांगायचंय. त्यांना वाटलं माझं काही दुखणं निघालं. गवार खाली ठेवली.

मी सगळं सांगितलं. सोऱ्याच्या ताटलीपासून. ती भाजीवाली नव्हती, पाचूबंदरची कोळीण होती, मासे विकायची आणि माझी मैत्रीण होती. दर बुधवारी आम्ही रेकॉर्डी शोधायचो आणि ऐकायचो. उद्या त्या सगळ्या घरी येणार आहेत आणि त्यांना वास येतो. आणि इथून पुढेही बुधवारी मी मुसाभाईंच्या दुकानात जाणार, भाजी आणण्यासाठी नाही.

ह्यांनी विचारलं, "किती वर्षं म्हणालीस?"

"एकोणीस."

"म्हणजे माझे अंक गेले त्यानंतर दोन वर्षांनी."

"हो."

"जागा नाही म्हणालीस तेव्हा."

"हो. चूक केली मी. तुमचे अंक मी द्यायला लावले आणि मग लाज वाटली म्हणून एकोणीस वर्षं खोटं बोलले." तू म्हणाली होतीस तसंच सांगितलं, एकही सबब जोडली नाही. हे उठले, चपला घातल्या आणि फिरायला गेले. परत आले, जेवले, झोपले. मला राग आला नाही. तेवढा अबोला माझ्या वाट्याचाच होता.

आज सकाळी विल्सनचा टेम्पो आला. सहा खोकी आणि ते मशीन, रुमालासकट. लिफ्टमधून एकेक खोकं वर यायला लागलं आणि मजल्यावर तुझं अंगण दरवळलं. समोरच्या जोशीबाई दार उघडून बाहेर आल्या, नाकाला पदर लावून. "अगं बाई, कसला हा वास? कुणाचं सामान एवढं?"

"माझ्या मैत्रिणीचं," मी म्हटलं. "आणि माझं. ती गेली, बावीस दिवस झाले."

हे आतल्या दारात उभे होते. कालपासून पहिल्यांदा त्यांनी पाऊल पुढे टाकलं. विल्सनच्या हातातलं खोकं धरू लागले, दोघांनी मिळून ते कपाटाशी ठेवलं. त्याला पाणी दिलं. मग विचारलं, "आईचं नाव काय तुमच्या?" विल्सन माझ्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तुझ्या घरात येणारी मी, आणि माझ्या नवऱ्याला तुझं नाव ठाऊक नाही, हे त्याला खरंच वाटेना.

"फिलोमिना," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. माझ्याजवळ आले आणि, माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना विचारतात तसं, विल्सनला नाही, मला विचारलं, "काय झालं होतं त्यांना?"

बावीस दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. दार सताड उघडं होतं, जोशीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, आणि मी खोक्यांमध्ये खाली बसून, फिलू, तुझ्यासाठी मोठ्याने रडले.